फवारणीनंतर गोगलगाय जिवंत दिसते, पण धडधाकट असते का?

प्रश्न असा आहे : "पिकावर कीटकनाशक, बुरशीनाशक, तणनाशक अशा फवारण्या होतात. किडी मरून पडतात, पण गोगलगायी दुसऱ्या रात्री पुन्हा फिरताना दिसतात. म्हणजे या औषधांचा त्यांच्यावर परिणाम होत नाही असे समजायचे का? होत असेल तर शरीरात नेमका कुठे होतो? आणि पदव्युत्तर प्रकल्पासाठी तो मोजायचा कसा?"

परिणाम होतो. तुम्ही तो चुकीच्या जागी शोधताय, एवढेच. गोगलगायीच्या बाबतीत 'किती मेल्या' या आकड्यातून फारच थोडे कळते. खाणे मंदावणे, शंखाची वाढ खुंटणे, पाचकग्रंथीतल्या पेशी झिजणे, घातलेली अंडी न फुटणे, हे सगळे मरणाच्या कितीतरी आधी आणि मरणाविनाही घडते. काही औषधे तर अशी आहेत की ती पोटात घेऊन गोगलगाय खुशाल हिंडते आणि तिला खाणारा जीव मरतो. तेव्हा 'जिवंत आहे' म्हणजे 'ठीक आहे' असे धरून प्रकल्प आखलात तर निष्कर्ष हमखास फसतील.

औषध तिच्यापर्यंत पोहोचते कसे, ते आधी पाहू. कीटकाच्या अंगावर कायटिनचे मेणचट, कोरडे आवरण असते. गोगलगायीचा शंख सोडला तर बाकीचे अंग म्हणजे ओली, पातळ, पाणी सहज आत-बाहेर जाऊ देणारी त्वचा. ती स्वतःच पसरलेल्या चिकट स्रावाच्या थरावरून सरकते. पानावर किंवा मातीवर राहिलेला औषधाचा अंश त्या स्रावात उतरतो आणि तळपायातून शरीरात जातो. दुसरा मार्ग तोंडाचा. तिच्या तोंडात रॅड्युला नावाची, हजारो बारीक दातांची पट्टी असते. ती पान चावत नाही, खरवडते. आणि खरवडते तो पानाचा वरचा थर, म्हणजे फवाऱ्याचा अंश बसलेलाच भाग. शिवाय शंखासाठी लागणाऱ्या कॅल्शियमपायी ती मातीही खाते. मातीत साचून राहणाऱ्या तांब्यासारख्या धातूंच्या बाबतीत हा मार्ग महत्त्वाचा ठरतो. तिसरा मार्ग अंड्यांचा, त्याकडे पुढे येतो.

आता वेळेचा भाग, जो नवख्या अभ्यासकांच्या हिशेबात बहुधा नसतो. फवारणी होते दिवसा, गोगलगाय निघते रात्री. फवाऱ्याचे थेंब तिच्या अंगावर क्वचितच पडतात; तिची गाठ पडते ती वाळलेल्या किंवा दवाने पुन्हा ओल्या झालेल्या अंशाशी. हवा कोरडी झाली की ती शंखात शिरते, तोंडावर वाळलेल्या स्रावाचा पापुद्र्यासारखा पडदा ओढते आणि चयापचय एकदम खाली आणते. अशा सुप्तावस्थेत खाणे नाही, चालणे नाही, त्यामुळे औषधाचा शिरकावही नगण्य. तेच औषध, तेवढ्याच प्रमाणात, पावसाच्या पहिल्या सरीनंतर भुकेल्या गोगलगायींसमोर आले तर चित्र पार पालटते. दोन प्रयोगांचे निकाल जुळत नसतील तर मी आधी औषधाची मात्रा तपासत नाही, जनावरे झोपलेली होती की जागी ते विचारतो.

मज्जासंस्थेवरच्या परिणामांकडे येऊ. ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट गटातली कीटकनाशके अॅसिटिलकोलिनएस्टरेज हे एन्झाइम अडवतात. चेतापेशींमधला संदेश पोहोचवून झाल्यावर अॅसिटिलकोलीनचे तुकडे करायचे, हे त्या एन्झाइमचे काम. ते थांबले की संदेश संपतच नाही. कीटकात थरथर, पक्षाघात आणि मृत्यू भराभर येतात. गोगलगायीतही हे एन्झाइम अडते, पण सगळे संथपणे घडते. स्पर्शिका पूर्ण बाहेर येत नाहीत, डिवचल्यावर अंग आत घ्यायला वेळ लागतो, पायाचे स्नायू सैल पडतात आणि कधी कधी अंग फुगून शंखाबाहेर लोंबते. कार्बामेट गटातले मेथिओकार्ब तर गोगलगायींसाठीचे आमिष म्हणूनच विकले जायचे. त्याचा फटका शेतातल्या भुंगेऱ्यांना आणि पक्ष्यांनाही बसत असे आणि युरोपात ते या वापरातून बाद झाले.

दोन्ही गटांतला एक फरक प्रकल्पात कामी येईल. कार्बामेटची पकड सैल असते. काही काळाने एन्झाइम मोकळे होते. ऑर्गॅनोफॉस्फेटची पकड बहुधा सुटत नाही, शरीराला नवे एन्झाइम तयार करावे लागते. म्हणून कार्बामेट दिलेल्या गोगलगायीचे ऊतक उशिरा तपासले तर काही झालेच नाही असे वाटते. त्यातच गोगलगायीत कार्बॉक्सिलएस्टरेज गटाची एन्झाइमे भरपूर असतात. ती औषधाचे रेणू स्वतःवर घेतात आणि चेतासंस्थेतल्या एन्झाइमला काही अंशी वाचवतात. तुमच्या शेतातली गोगलगाय टिकून राहते त्यामागे हेही एक कारण आहे. तेव्हा अॅसिटिलकोलिनएस्टरेज एकटे मोजू नका, कार्बॉक्सिलएस्टरेजही सोबत मोजा. दक्षिण फ्रान्समधल्या सफरचंदाच्या बागांत झेरोपिक्टा डर्बेंटिना या छोट्या पांढऱ्या गोगलगायीवर या धर्तीचे काम झाले आहे. ती झाडाझुडपांवर घोसाने चिकटून बसते, त्यामुळे गोळा करायलाही सोपी.

निओनिकोटिनॉइडची गोष्ट मला या सगळ्या विषयातली सर्वांत बोलकी वाटते. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम ही या गटातली औषधे कीटकांच्या निकोटिनिक ग्राहींना, म्हणजे चेतापेशींवर अॅसिटिलकोलीनचा संदेश झेलणाऱ्या प्रथिनांना, घट्ट चिकटतात. मृदुकाय प्राण्यांतल्या (गोगलगायी याच गटातल्या) या ग्राहींची घडण वेगळी असते आणि औषध तिथे तितके परिणामकारक ठरत नाही. गंमत म्हणजे निकोटिनिक ग्राहीची रचना समजून घ्यायला शास्त्रज्ञांना मदत झाली ती एका गोगलगायीचीच. लिम्निया स्टॅग्नॅलिस या गोड्या पाण्यातल्या गोगलगायीतले अॅसिटिलकोलीन पकडणारे प्रथिन २००१ मध्ये स्फटिकरूपात उलगडले, आणि पुढे निओनिकोटिनॉइडचा रेणू कुठे कसा बसतो हे पाहायला त्याचाच नमुना वापरला गेला.

आता शेतात काय होते ते पाहा. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात डग्लस, रोहर आणि टूकर यांनी थायामेथोक्झामची बीजप्रक्रिया केलेल्या सोयाबीनवर काम केले. ते २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. तिथे प्राणी होता डेरोसेरस रेटिक्युलेटम, म्हणजे बिनशंखाची गोगलगाय. तिने प्रक्रिया केलेली रोपे खाल्ली आणि तिला काही झाले नाही. पण तिला खाणारे भुंगेरे? त्यांतले ६० टक्क्यांहून अधिक लुळे पडले किंवा मेले. शेतात भक्षक कमी झाले, गोगलगायींना मोकळे रान मिळाले, सोयाबीनच्या रोपांची संख्या १९ टक्क्यांनी आणि उत्पादन ५ टक्क्यांनी घटले. किडीपासून वाचवण्यासाठी लावलेल्या औषधाने दुसऱ्या किडीला पोसले. 'फवारणी करूनही गोगलगायी वाढल्याच' अशी तक्रार येते, तेव्हा औषध भेसळीचे होते का याआधी मी भुंगेरे उरलेत का हे विचारतो. काजव्यांच्या अळ्या, काही जातींचे भुंगेरे, थ्रशसारखे पक्षी हे गोगलगायींचे नेहमीचे गिऱ्हाईक. विष पोटात घेऊन हिंडणारी गोगलगाय या सगळ्यांच्या तोंडी जाते. पायरेथ्रॉइड गटातल्या कीटकनाशकांचेही साधारण असेच : मृदुकाय प्राण्यांना त्यांचा त्रास कमी, भुंगेऱ्यांना भरपूर. डीडीटीच्या काळातही शेतातल्या बिनशंखाच्या गोगलगायी आणि गांडुळे विष अंगात साठवून धडपणे जगत होती.

खास गोगलगायींसाठी बनवलेल्या औषधांत मेटाल्डिहाइडचे नाव पहिले. १९३० च्या दशकापासून ते वापरात आहे. अॅसिटाल्डिहाइडचे चार रेणू जोडून ते बनते. त्याचा घाव बसतो तो श्लेष्मा, म्हणजे चिकट स्राव, तयार करणाऱ्या पेशींवर. एकदा जवळून पाहाच. आमिषाची गोळी कुरतडून झाल्यावर थोड्या वेळात गोगलगाय थबकते. स्पर्शिका खाली झुकतात. तळपायाखालून नेहमीचा पातळ, पारदर्शक स्राव येण्याऐवजी दाट, पांढुरका, फेसाळ स्राव येऊ लागतो, तो तिच्याभोवती साचतो आणि ती त्यातच रुतून बसते. पायाच्या तळव्यावर मागून पुढे सरकणाऱ्या लाटा तुटक होतात. काचेवर ठेवून खालून पाहिले तर हे फार छान दिसते. मग ती कलंडते, पाय पिळवटतो. पेशी रिकाम्या होतात, फाटतात, आणि अंगातले पाणी स्रावावाटे निघून जाते.

इथेच ओलाव्याचा खेळ आहे. हवा कोरडी, ऊन कडक असेल तर पाणी गमावलेली गोगलगाय वाळून मरते. रात्री पाऊस झाला, माती ओली राहिली, तर ती त्वचेतून पाणी भरून घेते आणि बरीचशी सावरते. सकाळी मेलेली म्हणून मोजलेली गोगलगाय संध्याकाळी जागेवर नसते, ते यामुळे. सावरलेली गोगलगाय पुढचे काही दिवस खात नाही, आणि जिवावर बेतलेली गोळी पुन्हा खायलाही कचरते. म्हणून आमिषात मात्रा कमी ठेवली तर मृत्यू कमी आणि शहाण्या झालेल्या गोगलगायी जास्त, असा उलटा परिणाम संभवतो. मेटाल्डिहाइड पाण्यात टिकते आणि पाणी शुद्ध करणाऱ्या सक्रिय कोळशाला फारसे दाद देत नाही. युरोपात पिण्याच्या पाण्यातल्या एका कीडनाशकाची मर्यादा लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम आहे आणि मेटाल्डिहाइडने ती अनेकदा ओलांडली. कुत्री या गोळ्या खाऊन दगावतात. पक्षी आणि सस्तन प्राण्यांना असलेला धोका पाहून ब्रिटनने मार्च २०२२ च्या अखेरीपासून त्याचा घराबाहेरचा वापर थांबवला.

त्याला पर्याय म्हणून फेरिक फॉस्फेट आले. ते खाल्ल्यावर गोगलगाय लगेच खाणे सोडते, जमिनीत किंवा पालापाचोळ्याखाली शिरते आणि काही दिवसांत तिथेच मरते. अन्नपिशवी आणि पाचकग्रंथी या दोन जागी इजा दिसते. प्रेते दिसत नाहीत म्हणून लोक 'औषध लागू पडले नाही' म्हणतात, पण पानांवरची नवी कुरतड थांबलेली असते. एवढेच ध्यानात ठेवा की नुसते फेरिक फॉस्फेट फार काही करत नाही. गोळीत ईडीटीएसारखे लोह पकडून ठेवणारे द्रव्य असते म्हणून लोह शरीरात शिरते, आणि गांडुळांना त्रास झाल्याचे जे प्रयोग आहेत ते याच मिश्रणाचे आहेत.

आता तांबे. बोर्डो मिश्रण १८८५ पासून, मिलार्दे या फ्रेंच शास्त्रज्ञाने द्राक्षावरच्या केवड्यासाठी पुढे आणल्यापासून, वापरात आहे. कॉपर ऑक्सिक्लोराइड, कॉपर हायड्रॉक्साइड ही त्याच घराण्यातली. सेंद्रिय औषध कधी ना कधी मोडते. तांबे मोडत नाही, मातीच्या वरच्या थरात वर्षानुवर्षे साचत राहते. आणि गोगलगायीचे तांब्याशी नातेच वेगळे आहे. आपल्या रक्तात लोहाचे हिमोग्लोबिन, तिच्या रक्तात तांब्याचे हिमोसायनिन. ऑक्सिजन मिळाला की तिचे रक्त फिकट निळसर दिसते ते त्यामुळेच. म्हणजे तांबे तिला हवेच असते, ठरावीक मापात.

हे माप ती कसे सांभाळते हे राइनहार्ड डॅलिंगर आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये हेलिक्स पोमॅशिया या गोगलगायीत दाखवून दिले. तिच्यात मेटॅलोथायोनिन या प्रथिनाचे वेगवेगळे प्रकार आहेत. एक प्रकार पाचकग्रंथीत कॅडमियम पकडून बंदिस्त करतो, दुसरा तांबे सांभाळतो. विषारी धातूची आणि उपयोगी धातूची दफ्तरेच वेगळी. फॉस्फेट खतांतून मातीत येणारे कॅडमियम ती अंगात दीर्घकाळ साठवते ते या प्रथिनाच्या जोरावर. प्रदूषण मोजायला गोगलगाय वापरतात त्याचे मूळ इथे आहे. तुमच्यासाठी यातला व्यावहारिक भाग असा : निरोगी गोगलगायीतही तांबे बरेच असते, त्यामुळे नियंत्रण गटाशिवाय (औषध न दिलेल्या गटाशिवाय) 'गोगलगायीत इतके तांबे सापडले' या वाक्याला काही अर्थ उरत नाही.

क्षमता संपली की मात्र पाचकग्रंथी बोलू लागते. ही ग्रंथी शंखाच्या वरच्या वेटोळ्यांत असते, तपकिरी रंगाची, बारीक नळ्यांची बनलेली. यकृत आणि स्वादुपिंड दोघांचे काम ती एकटी करते. नळीच्या भिंतीत तीन तऱ्हेच्या पेशी : अन्न पचवणाऱ्या, उत्सर्जन करणाऱ्या आणि कॅल्शियम साठवणाऱ्या. औषधाचा ताण पडला की भिंत पातळ होते, नळीची पोकळी रुंदावते, पचनपेशींत पोकळ्या पडतात, उत्सर्जनपेशींचे प्रमाण वाढते. दक्षिण आफ्रिकेत कॉर्नू अॅस्पर्समवर (जुन्या पुस्तकांत हेलिक्स अॅस्पर्सा) कॉपर ऑक्सिक्लोराइडचे प्रयोग झाले, तेव्हा पाचकग्रंथीतले बदल आणि अंडपेशींतले बदल दोन्ही टिपले गेले. सूक्ष्मदर्शकाखाली फोटो काढून 'पोकळ्या दिसतात' एवढे लिहून थांबणारे प्रबंध मी बरेच पाहिले आहेत. ते पुरेसे नाही. भिंतीची जाडी मोजा, पेशींचे प्रमाण मोजा, आणि मोजणाऱ्याला कोणती काचपट्टी कोणत्या गटाची हे कळू देऊ नका.

यापेक्षा स्वस्त आणि लवकर कळणारी खूण म्हणजे रक्तपेशींतले लायसोसोम, म्हणजे पेशीतल्या पचनाच्या बारीक पिशव्या. न्यूट्रल रेड हा रंग निरोगी लायसोसोम बराच वेळ धरून ठेवतात. ताण असेल तर रंग लवकर बाहेर पाझरतो. तो किती मिनिटांत पाझरला हे मोजायचे. साधा सूक्ष्मदर्शक आणि चिकाटी, दोन्ही असले की झाले.

ऑक्सिडेटिव्ह ताणाबद्दल, म्हणजे ऑक्सिजनच्या उपद्रवी रूपांमुळे पेशींना होणाऱ्या इजेबद्दल, एक सावधगिरी. कॅटलेज, सुपरऑक्साइड डिसम्युटेज, ग्लुटाथायोन या बचाव करणाऱ्या द्रव्यांची मोजणी हल्ली प्रत्येक प्रकल्पात असते. पण जमिनीवरच्या गोगलगायीला हा ताण नवा नाही. सुप्तावस्थेतून जागी होताना तिचा ऑक्सिजनचा वापर एकाएकी वाढतो आणि त्या धक्क्याची तयारी ती झोपेतच करून ठेवते. हर्मेस-लिमा आणि स्टोरी यांनी १९९५ मध्ये ओटाला लॅक्टिया या गोगलगायीत ही संरक्षक एन्झाइमे सुप्तावस्थेतच वाढलेली दाखवली. तुमच्या डब्यातला ओलावा कमी-जास्त झाला आणि औषध दिलेल्या गटातल्या निम्म्या गोगलगायी शंखात शिरून बसल्या, तर वाढलेले एन्झाइम औषधाचे की झोपेचे हे कोणी सांगू शकणार नाही.

प्रजननाकडे वळू. या गोगलगायी उभयलिंगी. एकाच ग्रंथीत शुक्रपेशी आणि अंडपेशी दोन्ही बनतात, आणि मिळालेले शुक्राणू पुष्कळ काळ साठवून ठेवता येतात. याचा प्रयोगाशी थेट संबंध आहे : शेतातून आणलेली प्रौढ गोगलगाय प्रयोगशाळेत अंडी घालते ती कदाचित आधीच्या मिलनातल्या शुक्राणूंवर. तेव्हा औषधाने शुक्राणूंवर काय केले हे त्या अंड्यांवरून कळणार नाही. अंड्यातला साठा, विशेषतः गॅलॅक्टोजन नावाची साखर, अल्ब्युमिन ग्रंथीतून येतो. महिनाभर अर्धपोटी राहिलेल्या गोगलगायीची ही ग्रंथी भरत नाही. म्हणून प्रजननावरचे बरेचसे परिणाम खरे तर भुकेचे असतात. औषधाने खाणे तोडले, भुकेने अंडी तोडली. हे वेगळे काढायचे तर तिसरा गट लागतो : औषध नाही, पण औषधाच्या गटाने जेवढे खाल्ले तेवढेच मोजून दिलेले अन्न. हा गट ठेवणारे प्रकल्प विरळा, आणि परीक्षक म्हणून मला तो दिसला की अर्धे काम झाले असे वाटते.

अंडी गोगलगाय मातीत खड्डा करून घालते. कॉर्नू अॅस्पर्समची एका वेळी साधारण शंभर, मोठ्या आफ्रिकन गोगलगायीची (अॅकॅटिना फुलिका) त्याहून बरीच जास्त. फुटायला दोन-तीन आठवडे लागतात. या काळात अंडे आजूबाजूच्या मातीतले पाणी शोषत असते, आणि त्या पाण्यात जे विरघळले असेल तेही. प्रौढ गोगलगाय लपू शकते, शंखात शिरू शकते, चव आवडली नाही तर खाणे सोडू शकते. अंड्याला यातले काहीच जमत नाही. त्यामुळे ज्या मात्रेत प्रौढ सुखरूप दिसते त्याच मात्रेत अंडी वाया जाऊ शकतात. तणनाशकांची चाचणी घ्यायची तर मी अंड्यांवरच घेईन. तिथे शुद्ध रसायन आणि बाजारात मिळणारे तयार औषध दोन्ही ठेवा, कारण तयार औषधातले पसरवणारे द्रव्य कधी कधी मुख्य रसायनापेक्षा जास्त उपद्रवी निघते. तणनाशकाचा दुसरा परिणाम अप्रत्यक्ष आणि कदाचित मोठा : तण गेले की सावली, ओल आणि खाणे, तिन्ही जातात.

वाढ मोजायची असेल तर आधार आहे. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचे १५९५२ हे मानक कोवळ्या गोगलगायींना दूषित मातीवर २८ दिवस ठेवून वाढीतली घट मोजते. पाण्यातल्या गोगलगायींच्या प्रजननासाठी ओईसीडी या आंतरराष्ट्रीय आर्थिक सहकार्य संघटनेने २०१६ मध्ये दोन चाचण्या स्वीकारल्या. जमिनीवरचीला तिथे अजून जागा नाही. औषधाच्या नोंदणीत मधमाशी, गांडूळ, मासा, पक्षी यांचा विचार होतो, जमिनीवरची गोगलगाय सहसा यादीत नसते. म्हणूनही तुमच्या प्रकल्पाला किंमत आहे.

करताना काही गोष्टी सांभाळा. वजनावर विसंबू नका. पाणी पिऊन आलेली गोगलगाय आणि तहानलेली गोगलगाय यांच्या वजनातला फरक औषधाच्या परिणामाला सहज झाकून टाकतो. शंखाचा व्यास व्हर्नियरने मोजा, तो खाली येत नाही. एकाच घाण्यातली, एकाच दिवशी अंड्यातून निघालेली पिल्ले सगळ्या गटांत वाटून घ्या. प्रौढ घेणार असाल तर शंखाच्या तोंडाची कड बाहेर वळून जाड झालेली आहे का पाहा; ज्या जातींत अशी कड येते त्यांत ती आल्यावर शंख वाढत नाही, आणि अशा जनावरांत 'वाढ खुंटली' असे लिहिणे हास्यास्पद ठरते. औषध ज्या द्रावकात विरघळवले त्या नुसत्या द्रावकाचा गट वेगळा हवा. खाल्ले की नाही ते विष्ठेवरून ओळखता येते, कारण विष्ठेचा रंग अन्नाचा असतो. निळ्या आमिषाची गोळी खाल्लेल्या गोगलगायीची विष्ठा निळी येते, गाजरावरची नारिंगी. पातळ शंखाच्या पिल्लात हृदयाचे ठोके बाहेरून दिसतात. खालून उजेड सोडून ते मोजणे हे बिनखर्चाचे आणि फार संवेदनशील मोजमाप आहे, फक्त तापमान स्थिर ठेवा.

मेलेली कोणती हे ठरवायची पद्धत आधीच लिहून ठेवा. शंखाच्या तोंडाशी, श्वसनरंध्राच्या कडेला बोथट सुईने हलका स्पर्श करा. प्रतिसाद नसेल तर ती टाकून देऊ नका, ओल्या टिपकागदावर, स्वच्छ अन्नासोबत ४८ तास वेगळी ठेवा आणि मग नोंद करा. मेटाल्डिहाइडच्या प्रयोगात हे केले नाहीत तर मृत्यूचा आकडा फुगलेला येईल.

शेवटी हातांची काळजी. जमिनीवरच्या गोगलगायी उंदरांच्या फुप्फुसातल्या जंताच्या अळ्या बाळगतात, त्या माणसाच्या मेंदूभोवतीच्या आवरणाला सूज आणतात. हातमोजे घाला, डबे धुतलेले पाणी भाजीपाल्याजवळ ओतू नका. औषध दिलेली गोगलगाय, मेलेली असो वा जिवंत, कोंबड्यांना किंवा पक्ष्यांना टाकू नका. आणि प्रयोग अॅकॅटिना फुलिकावर असेल तर उरलेली जनावरे बाहेर सोडायची नाहीत. गोठवून मारायची, अंडी शोधण्यासाठी डब्यातली सगळी माती चाळायची आणि तीही गोठवायची.